एकटीने पायी नर्मदा परिक्रमा करायची तर तयारी कशाची करावी?

ताई, वय ४९, सोबत यायला कुणी नाही, घरचे म्हणतात बसने ग्रुपबरोबर जा, आणि तुम्हाला तर पायीच जायचंय, तेही एकटीने. कार्तिकाला पाच-सहा महिने आहेत, तोवर काय काय करू, असं तुम्ही विचारलंय. मी ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलून (म्हणजे सुरू करून) एकटीने चालले आहे, त्यामुळे जे पायाखालून गेलंय तेच सांगते.

चालण्याची तयारी होते. रोज थोडं थोडं वाढवत नेलं की शरीर शिकतं, तुमचंही शिकेल. एकट्या माणसाची तयारी कच्ची राहते ती थांबण्याची. चारजणींत असलात की कुणीतरी म्हणतं, बसू या जरा, तुझा पाय बघू, आज इथेच आसन लावू, मुक्काम करू. एकटीला हे कुणी म्हणत नाही. कधी बसायचं, संध्याकाळी कुठे टेकायचं, ताप आला तर किती दिवस पडून राहायचं, हे सगळं दमलेल्या डोक्याने एकटीनेच ठरवावं लागतं. म्हणून पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिते आहे.

आधी अंतराचा हिशेब. नर्मदा अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही तट धरले की २,६०० च्या वर होतात, आणि बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर या धरणांच्या पाण्याला वळसे घालावे लागत असल्याने प्रत्यक्ष चाल ३,००० च्या आसपास जाते. दिवसाला २० किलोमीटर धरले तरी नुसत्या चालण्याचे १५० दिवस झाले. शास्त्रात सांगितलेली परिक्रमा ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांची, चातुर्मासात एका जागी मुक्काम करून. आता बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघतात आणि पावसाच्या आधी पूर्ण करतात. तुम्ही मनाशी सहा महिने धरा. पाच धरलेत की प्रत्येक आजारपण, प्रत्येक विश्रांतीचा दिवस चुकल्यासारखा वाटायला लागतो आणि माणूस दुखत्या पायाने चालत राहतो. शेवटचा टप्पा निमाडच्या उन्हात येईल हे खरं आहे. तेव्हा पहाटे लवकर निघायचं, दहा-साडेदहाला सावली धरायची आणि ऊन उतरल्यावर थोडं चालायचं. ऊन टाळायचं म्हणून सुरुवातीलाच रोज तीस-तीस किलोमीटर ओढू नका. बहुतेकांचे पाय पहिल्या पंधरवड्यातच जातात.

पायांबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळं या दोन पावलांवर आहे. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, चालून चालून पाय सुजतात. निघण्याआधी त्याच बुटांनी शंभर-दीडशे किलोमीटर चाललेलं असावं. पहिला महिना रोज पाच-सहा किलोमीटर, ओझं न घेता. मग दहा. मग पाठीवर तीन किलो, त्यानंतर जेवढं नेणार तेवढं पूर्ण. आठवड्यातून एकदा लांब चाल. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र लागोपाठ दोन दिवस अठरा-वीस किलोमीटर चालून बघा, कारण एक दिवस कुणीही चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकवताना काय वाटतं, यावर तुमची खरी मजल ठरते. डांबरी रस्त्यावरही सराव करा. परिक्रमेत डांबर खूप आहे आणि ते मातीपेक्षा कितीतरी जास्त ठणकवतं.

चालताना कुठे चरचर सुरू झाली, की पुढचं झाड किंवा पुढचं गाव येण्याची वाट बघायची नाही. तिथल्या तिथे खाली बसायचं, बूट-मोजे काढायचे, जागा कोरडी करून चिकटपट्टी लावायची. पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळलं की फोड येतो, फोडामुळे पाऊल वाकडं पडतं आणि वाकड्या पावलाने गुडघा धरतो. सरावात हे मुद्दाम करा, म्हणजे लगेच बसण्याची सवय अंगात मुरेल. फोड आलाच तर वरची कातडी ओरबाडून काढू नका, ती आतल्या जखमेवरचं झाकण आहे.

दुखण्यातला फरकही ओळखायला शिका. पोटऱ्या-मांड्या भरून आल्या आणि चालू लागल्यावर मोकळ्या झाल्या तर काळजी नाही. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते आणि प्रत्येक पावलागणिक ती वाढते, तर ते हाड सांगतंय की आता थांबा. दोन दिवसांनी कमी झालं नाही तर गाडी करून जवळच्या शहरात डॉक्टरला दाखवा, नदी न ओलांडता, कारण परिक्रमेत ती ओलांडायची नसते. दुखणं मारण्याच्या गोळ्या रोज घेऊन चालू नका. उपाशीपोटी आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात.

डॉक्टरकडे आत्ताच जाऊन या. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन. दातांकडेही जा. किडलेली दाढ घरी महिनोन्‌महिने गप्प असते आणि नेमकी दवाखाना नसलेल्या जागी उठते. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: मांडी घालून जेवणं आणि उकिडवं बसणं याचा सराव ठेवा. वीस किलोमीटर चाललेल्या गुडघ्यांना संध्याकाळी तेच सगळ्यात जड जातं.

सामानाचं थोडक्यात सांगते. सगळं मिळून सहा-सात किलो, त्याहून जास्त नको. कपड्यांचे दोन जोड, तीन जोड मोजे, हलकी स्लीपिंग बॅग (पौष-माघातली थंडी, विशेषतः अमरकंटकजवळच्या मैकलच्या डोंगरांकडे, हाडात शिरते), अंगाखाली घालायला पातळ चटई, विजेरी, काठी, एक छोटं पातेलं, ताटली, मीठ-साखर पाण्याची पाकिटं, आधार कार्ड आणि त्याच्या प्रती, काही फोटो. काठी कुत्र्यांसाठी आणि ओढ्यांचा तळ चाचपायला. पाळी येत असेल तर पॅड पुरेसे जवळ ठेवा, आतल्या गावांत मिळतीलच असं नाही. त्या दिवसांत काही आश्रम कडक असतात, तेव्हा गावातल्या एखाद्या घरी उतरणं सोपं जातं. पूजेच्या बाटलीतलं नर्मदाजल आणि नित्यपूजेचं साहित्य मात्र वजनात मोजू नका. एक वहीही ठेवा. जिथे मुक्काम होतो तिथले आश्रम त्यात शिक्का देतात, आणि पुढच्या ठिकाणी ती वही तुमची ओळख होते.

आता संध्याकाळ. एकट्या बाईच्या घरच्यांना जी भीती वाटते ती याच वेळेची असते. उपाय साधा आहे, पण रोज पाळावा लागतो. सूर्य मावळायच्या निदान दोन तास आधी मुक्काम शोधायला लागायचं. नंतर चालायचं नाही, पुढचा आश्रम 'बस दो किलोमीटर' आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी. उजेडात पोहोचलात की जागा बघता येते, अजून कोण उतरलंय ते कळतं, आणि मनाला पटलं नाही तर गावात जाऊन दुसरं दार ठोठावायला वेळ असतो. आश्रमात पहिला प्रश्न येतो, 'कितनी मूर्ति?', म्हणजे किती जण. एकटी असाल तर 'एक' म्हणा आणि लगेच विचारा की आणखी माताराम, म्हणजे परिक्रमेतल्या बायका, उतरल्या आहेत का, किंवा जवळ कुठल्या कुटुंबात जागा होईल का. संकोच करू नका. तटावरच्या लोकांना यात वावगं वाटत नाही, उलट घरातली बाई स्वतः येऊन घेऊन जाते. कुठे मन कचरलं तर कारण शोधत बसू नका, 'नर्मदे हर' म्हणा आणि उठा.

मागण्याची तयारी खरंच करा, कारण आपल्यासारख्या कमावत्या बायकांना तीच जमत नाही. आपण देणाऱ्या असतो. तिथे सकाळचा चहा कुणाच्या ओसरीवर, दुपारची भाकरी कुणाच्या शेतात, आणि ज्याच्याकडे घेता त्याच्या घरात तुमच्यापेक्षा कितीतरी कमी. पैसे पुढे केलेत तर अनेकदा तो माणूस दुखावतो. काही ठिकाणी शिजवलेलं जेवण मिळत नाही, सदावर्त मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा. तो तीन दगडांच्या चुलीवर शिजवावा लागतो. घरी एकदा तरी अंगणात किंवा शेतावर लाकडं पेटवून खिचडी करून बघा, भिजलेल्या काटक्यांवर जमली तर उत्तमच.

दोन जागा अशा आहेत जिथे एकटीने न जाण्याचा आग्रह मी धरेन. पहिली शूलपाणीची झाडी. बडवानीच्या पुढे सातपुड्यात शिरणारी, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागाला लागून जाणारी वाट. परिक्रमावासींना तिथे लुटत असत त्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतीलच. आता काळ बदलला आहे आणि त्याच पाड्यांवर माणसं हात धरून जेवायला बसवतात. तरी चढ-उतार अवघड आहेत, मोबाईलची रेंज जाते आणि पाय मुरगळला तर मदत लांब असते. बडवानीकडे एखाद-दोन दिवस थांबा, कुणी ना कुणी परिक्रमावासी येतात, त्यांच्याबरोबर आत जा. नाहीतर शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा रस्त्याने जाणारा मार्ग आहेच, तोही परिक्रमेचाच मानतात. दुसरी जागा समुद्र. दक्षिण तट संपतो त्या विमलेश्वर भागातून नावेने उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचं असतं. नाव भरती-ओहोटी बघून आणि पुरेशी माणसं जमली की सुटते. तिथे वाट बघणं तुमच्या हातात नाही, म्हणून त्यासाठी दोन-तीन दिवस आधीच हिशेबात धरा. नावेत काही तास जातात, तेव्हा पिण्याचं पाणी बरोबर घ्या.

घरच्यांशी आत्ताच एक करार करा. रोज फोन करीन असं वचन देऊ नका, ते मोडतं आणि मग घरी जीव टांगणीला लागतो. त्याऐवजी आज कुठे आहे आणि उद्या कुठे जाणार, हे रेंज असेल तेव्हा कळवायचं. अठ्ठेचाळीस तास काही कळलं नाही तर आधी शेवटच्या मुक्कामी विचारायचं, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. त्यासाठी प्रत्येक आश्रमाचा फोन नंबर घरी पाठवत चला. आणि हेही घरात बोलून ठेवा की मध्येच परत यावं लागलं तर कुणी त्यावरून काही बोलणार नाही. जिथे सोडली तिथून पुढच्या वर्षी उचलून खंडाखंडाने परिक्रमा पूर्ण करणारे कितीतरी आहेत, आणि मैया त्यांचीही आहे. हा रस्ता मागे मोकळा असला की एकटं माणूस शहाणपणाने थांबू शकतं.

छोटा अनुभव हवा असेल तर चैत्रात गुजरातेत रामपुरा-तिलकवाडा ही उत्तरवाहिनी (नदी जिथे उत्तरेकडे वाहते तिथली) परिक्रमा होते, साधारण २१ किलोमीटरची. एका दिवसात जमते आणि रिवाज कळतात. या वर्षी चुकली असेल तरी हरकत नाही, सराव नीट केलात तर तिच्यावाचून अडत नाही.

एकादशीच्या दोन दिवस आधी ओंकारेश्वरला पोहोचा. ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे आणि एकदा परिक्रमेचा संकल्प केला की नदी ओलांडता येत नाही, बेटावरही जाता येत नाही, म्हणून ते दर्शन आधीच घ्या. ममलेश्वर दक्षिण तटावरच आहे. मग कन्यापूजन, कढाईचा (शिऱ्याचा) प्रसाद, बाटलीत जल, आणि नदी उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे. मोरटक्का तिथून साधारण १२ किलोमीटर आहे. अंगात उत्साह असेल, दुपारीच पोहोचाल, पुढे जावंसं वाटेल. पहिल्या दिवशी तिथेच आसन लावा.