शुगर बॉर्डरवर आलीये, डाएट करू की नुसतं चालायला जाऊ?
दोन्ही करा, एकावर भागत नाही. माझ्या आईचं असंच झालं होतं, तिने फक्त भात बंद केला आणि दिवसभर बसूनच, काही फरक नाही. मग तिचं ताटच बदललं, अर्धं ताट पालेभाजी आणि कोशिंबीर, पाव भागात मटकीची उसळ नाहीतर घट्ट वरण, उरलेल्या जागेत एक ज्वारीची भाकरी, भात हवाच असेल तर भाकरी अर्धी. आणि रात्री जेवून टीव्हीसमोर न बसता 15 मिनिटं सोसायटीतच चकरा, कारण चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात त्यामुळे जेवणानंतर ती एकदम चढत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं व्यायाम सांगते, म्हणजे 30 मिनिटं, 5 दिवस, भरभर चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढं. आणि प्लीज चहातली साखर मोजा हो, दोन चमच्यांचे चार चहा म्हणजे नकळत आठ चमचे, वर बिस्किटं वेगळीच. 3 महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) परत करा. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.