अमेरिकेतल्या कॉलेजात पैसा आणि वंश यांमुळे मुलांच्या मैत्रीवर खरंच परिणाम होतो का?

हो, होतो. आणि पैशाचा परिणाम वरवर दिसत नाही, म्हणून तो जास्त बोचतो. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या अभ्यासानुसार तिथल्या 38 कॉलेजांत सर्वात श्रीमंत 1 टक्का घरांतली मुलं खालच्या 60 टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. अशा ठिकाणी शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा वर्गात बरोबरीने बसतो, पण शुक्रवारी कुणी 'बाहेर जेवायला जाऊ' म्हटलं की असाइनमेंटचं निमित्त काढून डायनिंग हॉलमध्येच जेवतो. स्प्रिंग ब्रेकला, म्हणजे वसंतातल्या सुट्टीत, बाकीचे फिरायला जातात. काही कॉलेजांत तेव्हा डायनिंग हॉलही बंद. मग त्याने खायचं काय?

वंशाच्या बाबतीत एकत्र राहण्याने फरक पडतो. वेगळ्या वंशाचा रूममेट मिळालेल्या मुलांचे पूर्वग्रह कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. ड्यूक विद्यापीठाने 2018 पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट स्वतः निवडू देणं बंद केलं, ते मला अगदी योग्य वाटतं. नाहीतर जो तो आपापल्या घोळक्यात राहतो, आपली मुलंही त्यात आली. तुम्ही जाणार असाल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठी रूममेट शोधायची घाई करू नका.