गोळी नको, दिनक्रम द्या : चिपळूणच्या दादांना उत्तर

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. जुलै २०२१ मध्ये बाजारपेठेतल्या दुकानात पाणी शिरलं, माल गेला. दुकान तुम्ही पुन्हा उभं केलंत, पण तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजला की छाती धडधडते. रात्री तीनला जाग येते ती येतेच. दिवसा अंग जड, पाठ भरून येते, गिऱ्हाइकावर उगाच चिडायला होतं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली गोळी तीन आठवडे गल्ल्यात तशीच पडून आहे, आणि ती न घेता बरं होता येईल असा पहाटे पाचपासूनचा दिनक्रम तुम्हाला हवाय.

मी सांगलीची, गावभागातली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. भिंतीवरची ती गाळाची रेघ रंग मारून झाकली, तरी कुठून कुठपर्यंत होती ते मी आजही डोळे मिटून दाखवीन. २०२१ ला परत पाणी आलं. तुमचे ते तीन वाजणं मला पाठ आहे. मी तीनला उठून आधी फोन उचलायचे आणि कोयनेचा विसर्ग किती, पुलापाशी पातळी किती ते बघायचे. हे डिसेंबरातसुद्धा, नदी पात्रात तळाला असताना.

चाला, वेळेवर जेवा, व्यायाम करा हे मी सांगत बसत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कॅशवर बसते. माझ्यावर जे गुदरलं तेवढंच लिहिते. तुमची गोळी कोणती, किती दिवस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, मी नाही आणि या ग्रुपवरचं दुसरं कुणीही नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये भावजयीने मला ओढूनच डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू झाली. पहिला आठवडा मळमळ होती, पंधरा दिवस काहीच फरक नाही, मग महिन्याभराने एक दिवस लक्षात आलं की आपण भाजीला फोडणी देताना गुणगुणतोय. तोपर्यंत मी सकाळी ठरल्या वेळी उठायला लागले होते, थोडं चालत होते, फोन रात्री बाहेर ठेवत होते. जानेवारीपर्यंत झोप लागायला लागली. आणि इथेच मी चुकले. मला वाटलं हे सगळं चालण्याने आणि लवकर निजण्याने झालंय, गोळीचा काय संबंध.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका सात दिवसांच्या आरोग्य शिबिराला गेले. नाव लिहीत नाही. जागा सुंदर, झाडं, पक्षी, जेवायला उकडलेल्या भाज्या आणि ताक. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात टेबलावर स्टीलचा मोठा डबा ठेवला. ज्यांना या रसायनांतून मोकळं व्हायचंय त्यांनी आपल्या गोळ्या यात टाका, असं सांगितलं. माझ्या पुढच्या मावशींनी बीपीच्या गोळ्यांची पट्टी टाकली, टाळ्या वाजल्या. मी माझी टाकली, परत टाळ्या. पट्टी डब्याच्या तळाला लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. एकानेही विचारलं नाही की बाई, ही गोळी कशाची आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारलंत का.

चौथ्या दिवशी चक्कर सुरू झाली. मान वळवली, नुसती नजर फिरवली तरी डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. सांगितलं तर म्हणाले, विषं बाहेर पडताहेत, चांगलं लक्षण आहे. विषं वगैरे काही नव्हतं. अशी गोळी एकदम तोडली की असं होऊ शकतं, ती टप्प्याटप्प्याने कमी करायची असते, हे मला नंतर डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी ती चालू ठेवतात, नाहीतर दुखणं उलटण्याची भीती असते. त्या पाच मिनिटांच्या माहितीवाचून माझे आठ महिने गेले. झोप गेली, रडू सुरू झालं. मार्चमध्ये मुलीची दहावीची परीक्षा, आणि तिचा डबा करायला मला उठवत नव्हतं. कॅशमध्ये वीस हजारांचा फरक आला, तो मी भरला. दोन महिने बिनपगारी घरी होते. डबा पुढे करणाऱ्यांनी नंतर एक फोनही केला नाही. पुढच्या शिबिराची जाहिरात तेवढी येत राहिली. मला त्यांचा राग आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. त्या मावशींच्या बीपीचं पुढे काय झालं, हा विचार अजून येतो.

डॉक्टर रागावले नाहीत. परत सुरू केली, दिवाळीपर्यंत सावरले, आणि २०२३ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली हळूहळू कमी करत बंद झाली. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, सवयी लावा, जरूर लावा, पण त्या गोळीच्या बदल्यात नाही. गोळीबद्दल शंका असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडेच परत जा आणि स्पष्ट विचारा की कशासाठी, किती दिवस, बंद कशी करायची. ते नीट बोलत नसतील तर डॉक्टर बदला. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. नाव ऐकून बिचकू नका. आणि जगणं नको असे विचार कधी आले तर कुणाच्या उत्तराची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता दिनक्रमाचं. पहाटे पाच, सूर्यनमस्कार, थंड पाणी, ध्यान, सगळं सोमवारपासून, असं करू नका. माझं मत आहे, कुणाला पटणार नाही, पण थकलेल्या माणसाला पाचला उठवणं हा जुलूम आहे. मी एकच गोष्ट धरली, सव्वासहाला उठायचं. रात्र कशीही गेली तरी सव्वासहा, रविवारीही. रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी लोळत राहिलं की पुढची रात्र जास्त बिघडते, हे मी वर्षभर करून बघितलंय. उठल्यावर दार उघडून बाहेर उजेडात जायचं. सुरुवातीला मी फक्त कोपऱ्यावरून दूध आणायचे, जाऊन येऊन बारा मिनिटं. आमराईत फेऱ्या मारणं वगैरे पुढच्या वर्षी जमलं. जायची इच्छा होईल तेव्हा जाऊ, असं म्हणत बसले असते तर कधीच गेले नसते. आधी पाय निघतात, मन मागून येतं.

तीनला जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नका. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं की उठा, घड्याळ बघू नका. मी स्वयंपाकघरात मंद दिवा लावून तूरडाळ निवडायचे. ताटात पसरायची, खडा दिसला की बाजूला. दुसरं काही नाही, रेडिओ नाही, हिशेब तर अजिबात नाही. डोळे जड झाले की परत अंथरूण. कधी अर्ध्या तासाने झोप यायची, कधी नाही यायची. पण अंथरूण म्हणजे तळमळ हे डोक्यातलं गणित दोनेक महिन्यांत सुटलं.

पाण्याच्या भीतीसाठी मला एक गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडली, आणि ती कुठल्याच शिबिरात सांगत नाहीत. मी नियम बांधून घेतला. पावसाळ्यात पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला. ४० फूट ही आमच्याकडे इशारा पातळी, तिथपर्यंत काही करायचं नाही. ४० झाली की सामान वर न्यायचं. काय आधी, काय नंतर, ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. कागदपत्रं मे महिन्यातच प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर. रात्री बघायची वेळ आलीच तर ते काम नवऱ्याचं, आणि पाणी खरंच वाढलं तरच त्याने मला उठवायचं. तुमच्याकडे वाशिष्ठीची इशारा पातळी प्रशासन जाहीर करतं, त्यावर तुमचा नियम बांधा. दुकानातला कोणता माल कोणत्या फळीवर चढवायचा ते नोकराबरोबर एकदा कोरड्या दिवशी करून बघा. धडधड पूर्ण गेली नाही माझी, पण आता पाऊस वाजला की काय करायचं ते हातांना माहीत असतं.

जेवणाबद्दल एक-दोन गोष्टी. दुपारी चारनंतर चहा बंद करा, कॉफी असेल तर तीही; त्याचा परिणाम कित्येक तास राहतो. जेवणावर लगेच चहा प्यायची आपल्याकडे सवय आहे, त्याने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. तासभर थांबा. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासलंय का ते बघा. रिपोर्ट नॉर्मल म्हणता, पण पुष्कळ पॅकेजमध्ये ते नसतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर डॉक्टरांना हे नक्की विचारा. माझं खूप कमी निघालं होतं. थकव्याचा थोडा भाग तो असू शकतो, सगळा नाही.

चिडचिडीबद्दल तुम्ही लिहिलंत की घरात कुणाशी बोलत नाही. मी रोज रात्री साडेआठला बहिणीला फोन करते, दहा मिनिटं, विषय काहीही. कोल्हापूरला तिच्याही घरात पाणी आलं होतं. तुमच्या ओळीतल्या शेजारच्या दुकानदारांनाही तीनला जाग येत असेल, विचारून बघा.

आणि फोन खोलीबाहेर ठेवायचा तर गजराचं घड्याळ लागेल. टकटक न करणारं घ्या. मी आधी आणलेलं रात्रभर वाजायचं, दुसऱ्याच दिवशी बदलून आणलं.