'बरोक'ला 'अतिअलंकृत' म्हणावं का?

एका चित्रप्रदर्शनाचे माहितीफलक मराठीत करणाऱ्या ताईंनी विचारलंय: 'बरोक चित्रकला' (मुख्यतः सतराव्या शतकातली युरोपीय शैली) याला 'अतिअलंकृत चित्रकला' असा प्रतिशब्द चालेल का? जोडीला दोन उपप्रश्न आहेत. 'टेनेब्रिझम'ला काय म्हणायचं? आणि 'स्टिल लाइफ' म्हणजे वस्तुचित्र की स्थिरचित्र?

पहिल्याचं उत्तर आधी देतो: नको. रोममधल्या सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं 'मत्तयाला पाचारण' हे चित्र आहे, १५९९-१६०० मधलं: येशू मत्तयाला शिष्य व्हायला बोलावतो तो प्रसंग. उघडी भिंत, एक साधं टेबल, त्यावर नाणी, भोवती पाच माणसं. उजवीकडून येशू हात पुढे करतो आणि त्याच्या डोक्यावरून उजेडाची एक तिरपी पट्टी भिंतीवर पडते. यात अलंकार शोधायला गेलात तर पोरांच्या टोपीतली पिसं तेवढी हाती लागतील. आणि हे चित्र बरोकच्या अगदी उंबरठ्यावरचं, पुढच्या कित्येकांनी गिरवलेलं. 'अतिअलंकृत' हे विशेषण लावलंत तर प्रेक्षक फलक वाचून चित्राकडे बघेल आणि म्हणेल, कुठाय?

मग हा अर्थ आला कुठून? तर मोत्यातून. पोर्तुगीजमध्ये 'बारोको' म्हणजे बेढब मोती. आता गंमत बघा, या शब्दाच्या जुन्या छापील नोंदींपैकी एक गोव्यातली आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचं भारतातल्या औषधी द्रव्यांवरचं संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. भारतात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. (मुंबई बेट काही काळ ज्याच्याकडे खंडाने होतं, तोच हा ओर्ता. पणजीतली बाग त्याच्याच नावाची.) मोत्यांबद्दल बोलताना तो 'बारोको' मोत्यांचं वर्णन करतो: घाट बिघडलेले, गोल नसलेले आणि 'मेलेल्या पाण्याचे'. हे शेवटचं मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपणही मोत्याचं 'पाणी' बघतो, चांगल्या मोत्याला 'पाणीदार' म्हणतो. पोर्तुगीजमध्ये बारीक मोत्यांना 'अल्जोफर' म्हणतात. तो अरबी 'जौहर'वरून आलेला, म्हणजे आपल्या 'जवाहीर'चा सख्खा भाऊ.

'बारोको'च्याही मागे काय, यावर कोशकारांचं एकमत नाही. कोणी लॅटिनमधल्या चामखिळीच्या शब्दाकडे बोट दाखवतो, तर कोणी मध्ययुगीन तर्कशास्त्रातल्या 'बारोको' नावाच्या अनुमानप्रकाराकडे. मला मोत्याची वाट पटते, कारण तिच्यावर पावलं दिसतात. फ्रेंच अकादमीचा १६९४ चा कोश 'बारोक' हा शब्द फक्त पुरेशा गोल नसलेल्या मोत्यांसाठी देतो. १७४० च्या आवृत्तीत लाक्षणिक अर्थ येतो: अनियमित, विचित्र, ओबडधोबड. १७६८ मध्ये तत्त्वज्ञ रूसो आपल्या संगीतकोशात गोंधळलेल्या स्वरमेळाच्या संगीताला हेच नाव ठेवतो. नाव ठेवतो, दोन्ही अर्थांनी. १८८८ मध्ये हाइनरिश व्होल्फलिन या कलेतिहासकाराने प्रबोधनकाळ आणि बरोक यांची शैली म्हणून तुलना करणारं पुस्तक लिहिलं, आणि तिथून या शब्दाची हेटाळणी ओसरू लागली. काराव्हाज्जो, रूबेन्स, रेम्ब्राँ यांपैकी कुणीही स्वतःला 'बरोक' म्हणवून घेतलेलं नाही.

थोडक्यात, टोपणनावाचं आडनाव झालं. टकले, एकबोटे, पोटदुखे मंडळींना हा प्रकार ठाऊक आहे. आणि आडनावाचं कोणी भाषांतर करत नाही. म्हणून फलकावर 'बरोक' असंच लिहा. (काही जण 'बारोक' लिहितात, तेही चूक नाही. फक्त एका प्रदर्शनात एकच रूप ठेवा.)

'अलंकृत' हा शब्द कुठे शोभतो तेही सांगतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा बघा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फ्लॉरेन्सच्या फोज्जीनीकडून तो करवून घेतला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसवला गेला. तिथे 'अलंकृत' बेलाशक लिहा. पण 'बरोक' हे नाव त्याच शतकातल्या डच चित्रांनाही लागतं. प्रॉटेस्टंट चर्चांनी देवादिकांची चित्रं मागवणं सोडलं होतं, तेव्हा तिथले चित्रकार घराच्या भिंतींसाठी रंगवत बसले: अर्धवट सोललेलं लिंबू, कलंडलेला पेला, पावाचा तुकडा. इकडे रोममध्ये चित्रकार आंद्रेआ पोझ्झो चर्चच्या छतावर आभाळ उघडतोय, तिकडे हार्लेममध्ये पीटर क्लास करड्या रंगात नाश्ता मांडतोय. दोघांना पुरेल असं एक विशेषण मला तरी सुचत नाही.

आता टेनेब्रिझम. 'छायाप्रकाश' हा शब्द आधीच 'किआरोस्कुरो'ला, म्हणजे उजेड-सावलीच्या फरकाने आकार उठवण्याच्या पद्धतीला, दिलेला आहे. (इटालियनमध्ये उजेड आधी येतो, आपण सावली आधी घेतली. का कोण जाणे, 'ऊनसावली'त तर उलटं करतो.) टेनेब्रिझम त्याच्या पुढची पायरी: चित्राचा बहुतेक भाग काळा आणि त्यातून एखादा खांदा, एखादा तळहात उजेडात येतो. 'तमोवाद' असं कुणी सुचवेल. कृपा करून नको, एखाद्या पक्षाची विचारसरणी वाटते. मराठीत अंधार पडतो, पण काळोख दाटतो. काराव्हाज्जोचा काळोख दाटलेला आहे. मी 'दाट काळोखाची शैली' लिहिलं असतं आणि पहिल्या वेळी शेजारी 'टेनेब्रिझम' ठेवलं असतं.

ओघाने आणखी एक शब्द. कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ, साबणाचा फुगा अशा चित्रांना 'व्हॅनिटास' म्हणतात. तो शब्द बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकातून येतो, मराठी बायबलात तिथे 'व्यर्थ' आहे. पण 'व्यर्थचित्र' म्हटलं तर चित्रकाराची मेहनत वाया गेली असं वाटेल. 'नश्वरतेचं चित्र' बरं.

उरलं स्टिल लाइफ, म्हणजे फळं, भांडी अशा मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र. शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षांत एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र, एवढीच फोड आपल्यापैकी अनेकांना आठवते. मूळ डच शब्द 'स्टिललेव्हन', त्यात 'लेव्हन' म्हणजे जीवन. फ्रेंचांनी त्याचं 'मृत निसर्ग' केलं. मला 'स्थिरचित्र' डच शब्दाच्या जवळचं वाटतं, तेच ठेवा.

एक अपवाद मात्र करा. तुमच्या यादीत स्पॅनिश चित्रकार वेलाथकेथचं १६१८ मधलं 'अंडी तळणारी म्हातारी' आहे. स्पॅनिशमध्ये अशा चित्राला 'बोदेगोन' म्हणतात आणि पुष्कळ इंग्रजी पुस्तकं तो शब्द सरसकट 'स्टिल लाइफ'मध्ये ढकलतात. 'बोदेगा' म्हणजे तळघर, दारूचं कोठार. त्यावरून 'बोदेगोन' म्हणजे साधी खानावळ. इथे म्हातारीच्या हातात लाकडी चमचा आहे, अंड्याचा पांढरा नुकता धरू लागलाय आणि पोरगा खरबूज काखोटीला मारून उभा आहे. याला 'स्थिरचित्र' कसं म्हणणार? 'स्वयंपाकघरातलं चित्र' लिहा.