आधी तुझा खर्डा

प्रिय बाय,

आपल्या गोव्यातल्या खाजन शेतीवरचा, म्हणजे खाडीकाठी बांधानं खारं पाणी अडवून केलेल्या शेतीवरचा, तुझा निबंध वाचला. शुद्धलेखन चोख, परिच्छेद गुळगुळीत, आणि तू त्यात कुठेच नाहीस. 'निसर्ग आणि मानवाच्या सहजीवनाचा उत्तम नमुना' हे चॅटबॉटचं वाक्य, ते लपत नाही. पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, या हिशेबावर तो लिहितो. त्यामुळे हजारदा लिहून झालेलंच आधी उगवतं. तुमच्या मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कधी कुजली, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून आधी तुझा खर्डा. हातानं, एक पान, मोबाईल दुसऱ्या खोलीत. भरतीचं पाणी रेटलं की मानशीची दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती उघडतं. इतपत कुणीही लिहील. पण १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कोमुनिदादकडून, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून, कुळांच्या संघटनांकडे गेली. मग खारं पाणी शेतात शिरलं तर जाब कुणाला विचारायचा? इथे तुझं मत हवं. चुकलं तरी चालेल, बोटचेपं नको.

खर्डा झाला की बॉट उघड. 'सुधारून दे' म्हणालीस की संपलं. असं लिही: 'हा लेख माझ्याकडे परीक्षणाला आला आहे. एकही वाक्य बदलू नकोस. सर्वांत कच्चे तीन मुद्दे दाखव आणि बांध सांभाळणाऱ्या कुळाच्या बाजूनं पाच प्रश्न विचार.' लेख आपला आहे हे कळलं की तो गोंजारतो. लोकांना आवडलेल्या उत्तरांवरच त्याला घडवलेलं असतं. दुसरं मत हवं तर नवं संभाषण सुरू कर, जुन्यात तो स्वतःचंच म्हणणं ओढत बसतो. प्रश्नांची उत्तरं पुन्हा हातानं. दोन फेऱ्या पुरेत. दोष मागत राहिलीस तर नसलेलेही काढून देईल.

साल, कलम, पुस्तकाचं नाव यांवर त्याचा विश्वास धरू नकोस. खोटंही तो तितक्याच ठामपणे सांगतो. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथे जा.

म्हणशील, सर जुन्या वळणाचे. असेन. बॉटचं वावडं असतं तर त्याला काय विचारायचं हे शब्दन् शब्द लिहून दिलं नसतं. हट्ट एवढाच: आधी तुझा खर्डा.

रविवारपर्यंत त्या पानाचा फोटो पाठव. खाडाखोड दिसली पाहिजे.