सगळ्यांना सरसकट नव्वद दिवसांची नोटीस?

प्रश्न : आमची २२ जणांची कंपनी आहे. ग्राहकांची पगारपत्रकं आणि हिशेब आम्ही सांभाळतो. नेमणूकपत्रात ३० दिवसांची नोटीस होती. गेल्या वर्षी ईमेल पाठवून ती सगळ्यांसाठी ९० दिवस केली. मागच्या महिन्यात एक सीनिअर मुलगा राजीनामा देऊन नवव्या दिवशी निघून गेला. त्याचा शेवटचा पगार आणि रिलिव्हिंग लेटर आम्ही अडवून ठेवलं आहे. आमचं चुकतंय का? नोटीस नेमकी किती ठेवावी?

उत्तर : आधी पगार मोकळा करा. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं, म्हणजे तुमची मुदत केव्हाच उलटली आहे. त्याने केलेल्या कामाचे पैसे हा एक हिशेब आणि न भरलेल्या नोटिशीचे पैसे हा दुसरा. पगारातून काय कापता येतं याची यादी कलम १८ मध्ये ठरलेली आहे, तिच्यात नोटिशीची भरपाई नावाने नाही. जी कपात चालते तीही एका वेतनकाळात वेतनाच्या निम्म्यापुढे नेता येत नाही. अख्खा पगार दाबून ठेवला तर तक्रार त्याची आणि खुलासे तुमचे, अशी गत होते. भविष्य निर्वाह निधीला तर हातच लावू नका. ग्रॅच्युइटी बसत असेल तर तीही नोटिशीपायी अडवता येत नाही.

आता त्या ९० दिवसांचं. तुमच्याकडे २२ माणसं आहेत, त्यामुळे ३०० कामगारांपासून पुढे लागणारे स्थायी आदेश (नोकरीच्या अटींची कायद्याने ठरलेली नियमावली) तुम्हाला लागू नाहीत. सगळा भार नेमणूकपत्रावर. नेमणूकपत्र हा दोघांतला करार आहे, तो एकट्याने बदलता येत नाही. ईमेलला कुणी उत्तर दिलं नाही म्हणजे होकार मिळाला, हा युक्तिवाद करता येईल, पण लंगडा आहे. त्या मुलाची सही नसेल तर त्याची नोटीस ३० दिवसांचीच धरून चाला. त्यातले ९ दिवस भरले, उरले २१. पगार ४५,००० असेल तर दिवसाचे १,५०० प्रमाणे ३१,५०० होतात. तुमच्या मनातल्या ८१ दिवसांचे १,२१,५०० नव्हेत. शिवाय पत्रात ‘नोटिशीऐवजी पगार’ एवढंच लिहिलं असेल, मूळ की एकूण हे नसेल, तर तो मूळ पगारावर अडून बसेल आणि रक्कम आणखी उतरेल.

त्याला परत आणून बसवता येणार नाही. व्यक्तिगत सेवेच्या कराराची अंमलबजावणी न्यायालय सक्तीने करून देत नाही, मिळते ती भरपाई. आणि करार कायद्याच्या कलम ७४ खाली करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते, हाती पडते ती वाजवी भरपाई. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २ लाखांचा बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास ठरलेली रक्कम देण्याची अट, उचलून धरला हे खरं. पण तिथे सरकारी बँकेला जाहीर भरतीचा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, हा मुद्दा होता. तो निकाल दाखवून डेटा एंट्रीच्या मुलीकडून तीन महिन्यांचा पगार मागू नका. ३१,५०० साठी दिवाणी दावा लावणंही मी सुचवणार नाही, एक पत्र पुरे. बऱ्याचदा नवी कंपनी ही रक्कम भरून देते, तेव्हा मागणी नेमकी आणि हिशेबासकट करा. तुमचे सीए त्यावर जीएसटी लावू पाहतील, तर ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक क्रमांक १७८ दाखवा : नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी नाही.

रिलिव्हिंग लेटर द्या. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, आणि हवं तर ‘नोटिशीचे २१ दिवस बाकी’ हे एक वाक्य. खरं आहे ते लिहायला हरकत नाही, पत्रच न देणं मात्र सूड उगवल्यासारखं दिसतं.

किती दिवस ठेवावेत? माणूस गेल्याची धास्ती बाजूला ठेवा आणि त्याचं काम दुसऱ्याच्या हाती जायला किती लागतं ते मोजा. तुमच्या धंद्यात घड्याळ महिनाअखेरीचं आहे. ग्राहक सांभाळणाऱ्याच्या जागी आलेल्याने एक पगारफेरी शेजारी बसून पाहायची आणि दुसरी स्वतः करायची, त्याला ६० दिवस लागतात. नुसती नोंद करणाऱ्याला ३० भरपूर. प्रोबेशनवर ७ ते १५. ९० दिवस फार तर बँकेत सहीचा अधिकार असलेल्या एखाद्या माणसाला. सरसकट ९० ठेवलं की नवी कंपनी थांबत नाही, माणूस पैसे भरून किंवा न सांगता जातो, आणि जो थांबतो तो दुसऱ्या महिन्यापासून आजारी पडू लागतो. त्याच्याकडे ग्राहकांचे पासवर्ड असताना असा नाखूश माणूस खुर्चीत बसवून ठेवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

ग्राहक सांभाळणाऱ्यांच्या पत्रात कलम साधारण असं ठेवा, इतरांसाठी फक्त दिवस बदला : ‘कायम झाल्यावर दोन्ही बाजूंनी ६० दिवसांची लेखी नोटीस. दिवस कॅलेंडरचे, राजीनाम्याच्या ईमेलच्या दुसऱ्या दिवसापासून. न भरलेल्या प्रत्येक दिवसासाठी मूळ मासिक वेतनाचा तिसावा भाग. कंपनीने आधी मोकळं केल्यास उरलेल्या दिवसांचं वेतन कंपनी देईल. शिल्लक रजा कंपनीच्या लेखी संमतीने नोटिशीत वळती होईल.’ ‘दोन्ही बाजूंनी’ हे शब्द गाळू नका. माणसाने ६० दिवस द्यायचे आणि तुम्ही ७ दिवसांत काढायचं, असं एकतर्फी कलम न्यायालयात पहिल्यांदा डोळ्यांत खुपतं. कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला कमी करताना कायद्याची नोटीस आणि भरपाई वेगळी आहेच, ती कराराने घटत नाही. सध्याच्या २२ जणांकडून या बदलावर सह्या घ्या. ज्याला नको असेल त्याचे ३० दिवस चालू राहू द्या.

एक गोष्ट हमखास राहून जाते. राजीनामा आला की मालक दुखावून गप्प बसतो आणि चाळीस दिवसांनी तो माणूस राजीनामा मागे घेतो. मंजुरीचं पत्र गेलं नसेल तर तुम्ही अडकता, कारण तोवर तो मागे घेता येतो, आणि त्याच्या जागी घेतलेला नवा माणूस तर रुजूही झालेला असतो. म्हणून दोन दिवसांत तीन ओळींचं उत्तर पाठवा : राजीनामा मंजूर, शेवटचा दिवस अमुक तारीख, काम तमुकच्या हवाली.