के-पॉपमध्ये (कोरियन पॉप संगीतात) ‘बायस’ म्हणजे काय? तो एकच असावा लागतो का?

बायस म्हणजे ग्रुपमधला तुमचा सगळ्यात लाडका मेंबर. एकच हवा असा नियम कुठेही नाही. पण सेव्हन्टीनसारख्या ग्रुपमध्ये १३ जण असतात (नाव सतरा आणि माणसं तेरा, तो हिशेब पुन्हा कधीतरी), तेव्हा नवख्या माणसाची नजर कुणा एकावर अडकतेच. ठरवून शोधायला बसलात तर मात्र सापडत नाही.

बायस पक्का झाला की त्याच ग्रुपमधला दुसरा कुणीतरी येऊन सगळं विस्कटतो, तो ‘बायस रेकर’. माझं बीटीएसमध्ये शुगा हे नक्की आहे, पण जिमिन नाचायला लागला की माझं काही खरं नसतं. सगळ्या ग्रुपमधून सर्वांत वरचा तो ‘अल्ट’. कोरियन फॅन आपल्या सगळ्यात लाडक्याला ‘छ्वे-ए’ म्हणतात.

आता हे वेड नुसतं आपल्या मनातून येत नाही, कंपन्यांनी त्याची छान सोय केलेली असते. अल्बमच्या पाकिटात मेंबरचं फोटोकार्ड असतं, पण कुणाचं निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. बायसचं कार्ड हवं म्हणून लोक तोच अल्बम पुन्हा विकत घेतात, नाहीतर अदलाबदलीसाठी गिऱ्हाईक शोधतात. गाणी ऐकायला अल्बम घेणारे आम्हांत फार कमी!

दुसरी गोष्ट फॅनकॅम, म्हणजे अख्खं गाणं कॅमेरा एकाच मेंबरवर. २०१४ मध्ये ईएक्सआयडी या ग्रुपचं ‘अप अँड डाउन’ हे गाणं चार्टवरून उतरलं होतं. एका फॅनने त्यातल्या फक्त ‘हानी’ नावाच्या मेंबरवर रोखून काढलेला व्हिडिओ पसरला आणि काही महिन्यांपूर्वीचं ते गाणं पुन्हा वर चढलं. आता कोरियन म्युझिक शो स्वतःच प्रत्येक मेंबरचा वेगळा व्हिडिओ काढतात.

याची वाईट बाजू म्हणजे ‘अकगे’: आपल्या एकाला डोक्यावर घेऊन त्याच ग्रुपमधल्या बाकीच्यांना शिव्या घालणारे. यांच्याशी वाद घालू नका, ब्लॉक करा.

आणि कुणी ‘तुझा बायस कोण?’ विचारलं, पण तुमचं अजून ठरलं नसेल, तर बीटीएससाठी सरळ ‘ओटी सेव्हन’ म्हणा (ओटी म्हणजे ‘वन ट्रू’), म्हणजे सातही जण आवडतात. पुढे सहसा कुणी छळत नाही. फक्त आकडा ग्रुप बघून सांगा, ब्लॅकपिंकसाठी ओटी फोर.